पंढरीच्या वाटेवरच्या बायका

भगिनींनो, स्मरणिकेसाठी इतिहासाचे काही लिही, असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांच्या लढाया मला सांगता यावयाच्या नाहीत. पण आपला सोलापूर जिल्हा म्हणजे पंढरपूरचा जिल्हा. त्या वाटेवर पूर्वी कोण कोण बायका चालल्या आणि चालून त्यांना काय गवसले, तेवढे सांगते.

वारी फार जुनी. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातही लोक पंढरीस जात होते. पालखीची रीत मात्र नंतरची. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून ती सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. ते शिंदेसरकारच्या पदरी असलेले, त्यामुळे दिंड्यांची शिस्त लष्करासारखी. ही पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपुरास पोचते. वेळापुरास अर्धनारीनटेश्वराचे जुने देऊळ आहे, अर्धा देव आणि अर्धी देवी. तिकडे गेलात तर जरूर पाहा.

देव तर गाडीनेही भेटतो. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या, तरी आषाढी झालीच. मग चालावयाचे कशाला? मला वाटते, बायकांसाठी याचे उत्तर पुरुषांहून वेगळे आहे. घरात आपण कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. चूल, पाणी, पाळणा यांतून 'मी कोण' हा प्रश्न पडायलाच सवड नाही. वाटेला लागले की पाय आपले, दमही आपलाच. तेव्हा हा प्रश्न सुचतो.

आपल्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा पाहा. ती नायकिणीची मुलगी. आईचाच धंदा तिच्या कपाळी लिहिलेला. दारावरून वारकरी चालले होते, त्यांना तिने विचारले, कुठे निघालात? आणि त्यांच्यामागून पंढरीस गेली, अशी कथा आहे. बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने देवाच्या पायांशी प्राण सोडला, असे सांगतात. मंगळवेढे ते पंढरपूर अंतर ते किती, पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. पण तिच्यासाठी तेवढ्यात जन्म पालटला.

बहिणाबाईंची हकीकत कथेपेक्षा पक्की आहे, कारण ती त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली. (या जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या १६२८ सालच्या, वेरूळजवळच्या देवगावच्या.) बालपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न. पुढे घरच्या भांडणापायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. भिक्षा मागत, क्षेत्रे पाहत ही मंडळी पंढरपूरवरून कोल्हापुरास पोचली. म्हणजे ही पायपीट काही हौसेची नव्हती. पण त्या वाटेवर आणि कोल्हापुरात त्यांच्या कानी कीर्तन पडले, आणि तुकोबांना त्यांनी मनोमन गुरू केले. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करावे, हे नवऱ्याला कसे रुचावे? त्याने मारले, बांधून घातले. त्या हटल्या नाहीत. अखेर नवराच वळला आणि सारी देहूस गेली. बाईच्या जन्माला आल्याचे दुःख त्यांनी लपविले नाही, आणि संसारही टाकला नाही. आत्मज्ञानासाठी घर सोडून जाणारे पुष्कळ. घरात मार खाऊन ते मिळविणारीचे मला अधिक वाटते.

आता जवळच्या काळातल्या इरावतीबाई कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, शिक्षण पुण्याचे आणि जर्मनीचे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, मोठ्या विद्वान. त्या दिंडीबरोबर पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. तो 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. मंडळाने हे पुस्तक जरूर आणावे. महाराष्ट्र म्हणजे कोणता, याचे उत्तर त्यांना नकाशात नव्हे, तर पंढरीला जाणाऱ्या माणसांत सापडले. पण त्यांनी नुसते कौतुक केले नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र चालत, एकाच सुरात अभंग म्हणत, आणि जेवायला मात्र वेगवेगळे बसत. हे त्यांना सोसेना. त्या मराठ्यांच्या पंगतीत जेवल्या, तेव्हा त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या. मी हा भाग दोनदा वाचला. विदुषी असून त्यांनी दुसऱ्यांचे दोष मोजत न बसता आपले ताट उचलून पलीकडे नेले.

आणि ज्यांना पंगतच काय, देऊळही बंद होते त्यांचे काय? मंगळवेढ्याचे चोखोबा आयुष्यभर देवळाबाहेर उभे राहिले. आज त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी अभंगांतून विटाळालाच प्रश्न केला. देह आहे तिथे विटाळ आहेच, मग सोवळे कोण, आणि आत्म्याला तो लागतो कसा, असा त्यांचा रोख. ज्यांना महिन्याचे चार दिवस बाजूला बसवीत, त्या आपल्या आज्यांनी हे ऐकले असते तर! चौदाव्या शतकातल्या या बाईचा प्रश्न १९४७ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि हरिजनांना मंदिर खुले झाले.

आळंदीची वाट आपल्या शहरावरून जात नाही. पण शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून मंगळवेढ्याकडे जाते, आणि आपल्या गल्लीला तेवढीच सेवा घडते. घरोघरच्या भाकऱ्या एका चादरीवर जमतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठले. चाळिशीतल्या मला सत्तरीचा वारकरी 'माउली' म्हणून हाक मारतो आणि वाकतो, तेव्हा अजूनही अवघडायला होते. त्या ढिगातली भाकरी कोणत्या घरची, हे कुणी विचारत नाही. चटणी तिखट झाली तर मात्र लगेच सांगतात.