थाई पदार्थ, घरगुती (शिरूर-दौंड)

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत घरी थाई स्वयंपाक करायचा झाला, तर लागणाऱ्या जिनसांपैकी बहुतेक गावातच मिळतात. गवती चहा, लवंगी मिरची, कोथिंबीर, लसूण, चिंच, लिंबू, गूळ, शेंगदाणे, कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, वांगी, शेवगा आणि गोड्या पाण्यातले मासे यांसाठी लांब जावे लागत नाही. पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवाव्या लागतात त्या वस्तू मोजक्याच: फिश सॉस, कोळंबीची आंबवलेली पेस्ट, ताजे गलंगल, मकरूट लिंबाची पाने आणि तांदळाच्या नूडल्स. अडचण सामानापेक्षा सवयीची अधिक आहे. थाई कालवणाला फोडणी नसते, कांदा-टोमॅटो परतून केलेले वाटण नसते, आणि आंबट-गोड-खारट-तिखटाचा तोल शेवटी चव घेऊनच साधावा लागतो.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. घोड आणि भीमा या नद्या व कालवे यांच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला होतो, पण नारळ बाहेरून येतो. येथील रोजच्या वाटणात सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ असतात. भाजलेल्या सुक्या खोबऱ्यातून थाई करीला लागणारे दूध निघत नाही, आणि त्याचा खमंग वास हिरव्या करीचा सुगंध दाबून टाकतो. म्हणून सुरुवात नारळाच्या करीपासून करण्यापेक्षा नारळ न लागणाऱ्या पदार्थांपासून करणे सोयीचे. थायलंडच्या ईशान्येकडचा इसान हा प्रदेशही पठारी आणि कोरडा आहे. तिथल्या जेवणात नारळाचे दूध क्वचितच येते. कच्च्या पपईचे सोम ताम, खिम्याचा लाब आणि निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी हे तिकडचे प्रमुख पदार्थ. रेस्टॉरंटच्या मेन्यूवर हिरवी आणि लाल करी आधी दिसते, एवढ्यावरून थाई जेवण म्हणजे नारळाची करी असा समज झाला आहे.

सोम तामसाठी पपई पूर्ण कच्ची, आतून पांढरी हवी. साल काढून चीक धुवावा, गराच्या लांब बारीक सळ्या कापून थंड पाण्यात ठेवाव्यात आणि निथळून घ्याव्यात. दोन वाट्या पपईला लसणाच्या दोन पाकळ्या आणि तीन-चार लवंगी मिरच्या पुरतात. त्या खलबत्त्यात ठेचून त्यात टेबलचमचाभर गूळ, भाजलेले शेंगदाणे, चवळीच्या शेंगांचे तुकडे आणि लहान टोमॅटो घालून हलकेच कुटतात. मग दोन चमचे लिंबाचा रस, दीड चमचा फिश सॉस आणि शेवटी पपई. बत्त्याने दाबायचे आणि चमच्याने उलटायचे, असे दोन्ही हात चालतात. पपईचा चोथा होता कामा नये. थायलंडमध्ये यासाठी खोल मातीचा खल आणि लाकडी बत्ता वापरतात. घरातला लोखंडी खलबत्ता लहान पडला, तर ठेचण्यापुरता तो वापरून बाकीचे पातेल्यात हाताने कालवावे.

गुळाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू, पारगाव या भागांत गुऱ्हाळे आहेत. थाई स्वयंपाकातली साखर नारळाच्या किंवा ताडाच्या रसापासून बनते. ती मऊ, फिकट आणि सौम्य असते. उसाच्या गुळात खारटपणाची छटा अधिक आणि रंग गडद. त्यामुळे पाककृतीतल्या ताडसाखरेच्या जागी गूळ थोडा कमी घ्यावा, कोमट पाण्यात विरघळवून गाळावा आणि फिश सॉसचे प्रमाण त्यानंतर ठरवावे. काकवी मिळाली तर विरघळवण्याचे काम वाचते. चिंचेचा कोळ दाट असावा: साधारण 50 ग्रॅम चिंचेला अर्धी वाटी गरम पाणी.

फिश सॉस म्हणजे लहान मासे मिठात घालून वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवून गाळलेला अर्क. कच्च्या वासाने तो नकोसा वाटतो, पण उष्णता किंवा लिंबू लागताच वास मागे सरतो. आठवडे बाजारातला सुका जवळा भाजून, कुटून गरम पाण्यात भिजवला आणि त्यात मीठ घातले, तर त्या जातीची चव बरीचशी येते. कोळंबीच्या पेस्टच्या जागीही भाजलेला जवळा चालतो. माळकरी किंवा शाकाहारी घरात फिकट सोया सॉस आणि मीठ वापरतात. थायलंडमध्येही ‘जे’ नावाचा शाकाहारी पंथाचार आहे आणि त्यात मासे-मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घराला ते नियम ओळखीचे वाटतील.

आंबट करी, म्हणजे काएंग सोम, या भागासाठी सर्वांत जमणारा रस्सा. त्याला नारळ लागत नाही आणि तेलही नाही. भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, गोल्टी कांदा, मीठ आणि जवळा पाट्यावर वाटायचे. उकडलेल्या माशाचा थोडा गर त्यातच वाटला की रस्सा दाटतो. हे वाटण उकळत्या पाण्यात सोडून चिंचेचा कोळ, गूळ आणि शेवग्याच्या शेंगा घालतात, मासा शेवटी. थायलंडमध्येही शेवग्याची आंबट करी प्रचलित आहे.

माशांत चिलापी उत्तम. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा दौंड तालुक्याच्या कडेपर्यंत येतो आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातला भिगवणचा मासळी बाजार त्याच पाण्यावर चालतो. थायलंडमध्ये घरोघरी खाल्ला जाणारा प्ला निन हा याच कुळातला मासा. जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी 1965 मध्ये राजे भूमिबोल यांना 50 मासे भेट दिले आणि तेथून त्याची पैदास देशभर पसरली. अर्धा किलोच्या चिलापीला दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, पोटात गवती चहाच्या कांड्या भरून मोदकपात्रात सुमारे 15 मिनिटे वाफवतात. वरून लिंबाचा रस, फिश सॉस, ठेचलेला लसूण आणि मिरची घालतात. लिंबू वाफेत घालू नये; ते कडवट होते.

हिरव्या करीचे वाटण करताना क्रम महत्त्वाचा. आधी भाजलेले धने, जिरे आणि पांढरी मिरी कोरडी कुटतात. मग मीठ, गवती चहा, गलंगल, मकरूट लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळे; त्यानंतर लसूण, कांदा, हिरव्या मिरच्या. गवती चहाची पाने नव्हे, तर बुडाकडचा तीन-चार इंचांचा पांढरट, कोवळा भाग घ्यायचा. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या ठोंबातून तो सहज मिळतो, फक्त बाहेरचे दोन पदर काढून टाकावे लागतात. कोथिंबिरीची जुडी बाजारात मुळासकट येते आणि मुळे निवडताना फेकली जातात. थाई स्वयंपाकात तीच मोलाची. गलंगल म्हणजे कुलिंजनाच्या जातीचे मूळ. काष्ठौषधींच्या दुकानातले वाळलेले कुलिंजन भिजवून रश्श्यात टाकता येते, पण वाटणाला ताज्याची सर नाही. आले त्याला पर्याय म्हणून सांगितले जाते. त्याने करी बिघडत नाही, मात्र ती निराळी होते. मकरूटच्या पानांऐवजी साध्या लिंबाची कोवळी पाने आणि किसलेली साल यांवर काम भागते.

एका ओल्या नारळाचा चव वाटीभर कोमट पाण्यात वाटून पहिले घट्ट दूध काढावे, मग दुसरे पातळ. घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवून त्यात वाटण परततात. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे ते कधीकधी तेल सोडत नाही. अशा वेळी चमचाभर तेल घ्यावे. गावरान कोंबडी घ्यायची तर आधी वेगळी शिजवावी, कारण ही करी तासभर उकळण्याची नाही. लहान काटेरी वांग्यांचे चौकोनी तुकडे थाई वांग्यांची जागा चांगली घेतात.

बेझिलचा प्रश्न नाजूक आहे. क्राप्राव या खिम्याच्या पदार्थात थायलंडमध्ये पडते ती तुळसच, तीही मूठभर. येथे तुळस मांसात घालणे बहुतेक घरांना रुचणार नाही. सब्जाच्या झाडाची पाने वापरता येतात, पण त्यांना बडीशेपेचा वास असतो आणि थायलंडमधल्या दुसऱ्याच बेझिलशी त्यांचे नाते आहे. पदार्थ चविष्ट होतो, क्राप्राव होत नाही. पनीर किंवा मशरूम घेऊन वेगळ्या कुंडीतली तुळस वापरणे, हा एक मधला मार्ग.

पाद थाई हा पदार्थ 1940 च्या सुमारास पंतप्रधान फिबून यांच्या राष्ट्रवादी धोरणातून देशभर रुजला. त्याच्या नूडल्स उकळायच्या नाहीत, साध्या पाण्यात वाकतील इतक्या भिजवायच्या आणि एका वेळी एक-दोन ताटांपुरत्याच मोठ्या आचेवर परतायच्या. गव्हाच्या शेवया यासाठी निरुपयोगी.

भातासाठी आंबेमोहोर घ्यावा. त्याच्या आणि थाई जास्मिन तांदळाच्या सुवासामागे 2-असिटिल-1-पायरोलिन हे एकच द्रव्य आहे. इंद्रायणी मऊ आणि किंचित चिकट असल्याने तीही करीबरोबर चालते. आंब्याबरोबर खायच्या चिकट भाताला मात्र ती पुरत नाही: त्या तांदळात अमायलोज जवळजवळ नसते, आणि तो रात्रभर भिजवून पाण्यात न शिजवता वाफवावा लागतो. तो तांदूळ मागवला, तर मऊ भातावर गोड आणि चिमूटभर मीठ घातलेले नारळाचे दूध ओतून शेजारी हापूस किंवा केशरच्या फोडी ठेवतात.