सहाव्या वर्षाची रेघ

कलकत्त्यात हरीश मुखर्जी रस्त्यावर गोखल्यांच्या नावाची मुलींची एक शाळा आहे. सरला राय या विदुषीने ती १९२० साली स्थापन केली. त्या रस्त्याने जाणाऱ्या मराठी माणसास ते नाव वाचून क्षणभर बरे वाटते आणि तो पुढे निघून जातो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी शिक्षणासाठी दिलेला आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा लढा याच नगरीत लढविला आणि येथेच ते तो हरले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या स्मरणात असते. त्या पराभवात एक प्रश्न अडकून राहिला आहे आणि शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो सुटलेला नाही. लहान मुलांच्या शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च करावयाचा, तर तो प्रथम कोणाच्या दारी पोहोचावा? ज्याच्या दारी थोडेबहुत काही आहे त्याच्या, की ज्याच्या दारी काहीच नाही त्याच्या?

हिंदुस्थानची राजधानी तेव्हा कलकत्ता होती आणि वरिष्ठ कायदेमंडळाच्या बैठकी हिवाळ्यात येथे भरत. १८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९११ रोजी, त्यांनी प्रत्यक्ष विधेयक पुढे आणले. ते अभिप्रायासाठी सर्वत्र फिरून आले आणि मार्च १९१२ मध्ये दोन दिवसांच्या चर्चेनंतर १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणखात्याचे सभासद सर हार्कोर्ट बटलर यांनी विरोध केला. पंडित मालवीय व बॅरिस्टर जिना हे गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. आपले विधेयक तरणार नाही, हे गोखल्यांनी स्वतःच आपल्या भाषणात सांगून टाकले होते.

या विधेयकात मागितले होते ते फार थोडे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, तीही आरंभी मुलग्यांपुरतीच, सक्ती असावी. ती लागू करावयाची की नाही हे म्युनिसिपालिटीने वा जिल्हा बोर्डाने ठरवावे. त्यासाठी खास शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा त्यांस असावी. ज्यांची प्राप्ती दरमहा दहा रुपयांहून कमी, त्यांच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने सोसावा. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही, की ज्या भागात मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तेथेच हा कायदा लागू करता यावा.

ही शेवटची अट नीट पाहिली पाहिजे. सरकारास भय वाटू नये, पाऊल जपून पडावे, म्हणून गोखल्यांनी ती घातली होती. इतके करूनही विधेयक पडले, तेव्हा त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या अटीचा अर्थ असा होता, की जेथे शाळा आहेत, शिक्षक आहेत आणि पट्टी देण्याची ऐपत आहे, तेथे सरकारचे दोन रुपये एका रुपयामागे धावत जातील. जेथे यांतले काही नाही, तेथे एकही रुपया जाणार नाही. मागासलेल्या तालुक्यास मागासलेपणाचीच शिक्षा, असा हा हिशेब होतो. गोखल्यांचे विधेयक मेले, पण हा हिशेब मात्र जिवंत राहिला.

त्याचे मूळ त्याही मागे जाते. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्यास आरंभ झाला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. पैसा शेतकऱ्याचा होता. पण शिकले कोण? १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमके हेच विचारले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. आपल्या देशात शिक्षणखर्चाच्या न्यायाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडणारे निवेदन त्याआधीचे क्वचितच सापडेल.

बंगालची कथा निराळी, पण तिचे फळ तेच. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारांचा सारा कायमचा ठरून गेला होता. त्यावर शिक्षणासाठी नवी पट्टी बसविणे म्हणजे दिलेल्या वचनाचा भंग, असे जमीनदार म्हणत. भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी १८७० मध्ये पट्टी बसविण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. परंतु १८७१ च्या कायद्याने पट्टी बसली ती रस्त्यांसाठी, शाळांसाठी नव्हे. पुढल्या वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कॅम्बेल यांनी पाठशाळांना चार लाख रुपये दिले, तेवढाच काय तो दिलासा. ज्या प्रांताच्या राजधानीत हिंदुस्थानातील पहिल्या विद्यापीठांपैकी एक उभे राहिले, त्या प्रांतातील खेड्यांना शिक्षणपट्टी मिळावयास १९३० चा ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कायदा यावा लागला. त्याने जिल्हा शाळा-मंडळे निर्माण केली; पण अंमलबजावणी जिल्ह्याजिल्ह्याने, सवडीसवडीने झाली. कलकत्ता शहराला मात्र १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर आणि सुभाषचंद्र बसू मुख्य कार्याधिकारी झाल्यावर कॉर्पोरेशनच्या मोफत प्राथमिक शाळांचा लाभ वेगाने मिळू लागला. शहर आणि खेडे यांतील अंतर असे कायद्यानेच आखले गेले.

हे सारे सहा वर्षांपुढील मुलांविषयी झाले. त्याखालच्या मुलांचा विचार कोणत्याही कायद्यात नव्हता. गोखल्यांनी सहावे वर्ष ही खालची मर्यादा खर्च आटोक्यात राहावा म्हणून घातली असावी. परंतु त्या रेघेच्या अलीकडचे मूल हे घराचे, पलीकडचे मूल हे राज्याचे, अशी एक समजूत पुढे रूढ झाली. १९४४ च्या सार्जंट योजनेने शिशुशाळांत दहा लाख मुलांची सोय करावी असे सुचविले, ते कागदावर राहिले. इंग्लंडातही १९१८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना शिशुशाळा चालविण्याची केवळ मुभा दिली होती. ज्यांना परवडले त्यांनी त्या काढल्या. फ्रान्सने याउलट १८८१ पासूनच आपली शिशुशाळा सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेत घेतली व ती मोफत ठेवली. मुभा आणि हक्क यांतला हा भेद आहे.

आपल्याकडे तो भेद कायद्याने नव्हे, तर एका मराठी बाईच्या पायपिटीने उघड केला. ताराबाई मोडक भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करून मुंबईस आल्या आणि १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले. काम उत्तम चालले होते. पण तेथे येणारी मुले बहुधा मध्यमवर्गाची. जिथे आई दिवसभर मजुरीस जाते, तिथल्या मुलापर्यंत हे शिक्षण पोहोचत नाही, हे त्यांच्या मनास लागून राहिले. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी वस्तीवरची मुले येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर गेल्या आणि झोपडीच्या अंगणात शाळा भरू लागली. महागड्या विलायती साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आली. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी, कुरणशाळाही भरली.

या प्रयोगाचे मोल केवळ शिक्षणशास्त्रापुरते नाही. मूल शाळेपर्यंत आले तर त्याला शिकवू, ही झाली गोखल्यांच्या विधेयकातील अट. मूल येत नसेल, तर शाळाच त्याच्यापर्यंत जाईल, हा झाला बोर्डीचा न्याय. पहिल्यात पैसा सोयीच्या मागे जातो, दुसऱ्यात गरजेच्या मागे.

राज्यघटनेने या दुसऱ्या न्यायाकडे एक पाऊल टाकले होते. १९५० च्या मूळ ४५व्या कलमाने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यावर सोपविला. त्यात सहाव्या वर्षाची रेघ नव्हती. २००२ मधील ८६व्या घटनादुरुस्तीने ती पुन्हा आखली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुले नव्या ४५व्या कलमात, म्हणजे ज्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांत, राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११व्या कलमात त्यांच्यासाठी शासन व्यवस्था करू शकेल, एवढेच म्हटले आहे. येथे पुन्हा ती जुनी मुभाच आली.

मध्यंतरी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ गटांत सुरू झाली आणि ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द गेला; न्याय मात्र अर्धाच गेला. एक हजार लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, आदिवासी भागात सातशेमागे एक, असे प्रमाण ठरले. मोठ्या गावापासून दूर असलेला पाडा किंवा नोंदीतच नसलेली झोपडपट्टी या गणितातून सहज निसटत असे. अखेर १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आज्ञा केली, की अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांवर न्यावी, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. त्यानंतर लोकवस्तीचे प्रमाणही सैल झाले. बोर्डीच्या अंगणातील न्याय न्यायासनावरून बोलला तो साठ वर्षांनी.

तथापि पैशाची वाटणी जुन्याच वळणाची राहिली. २००५ पर्यंत अंगणवाडीतील पूरक आहाराचा खर्च राज्यांनीच सोसावा अशी व्यवस्था होती. म्हणजे देशाची योजना एक, पण मुलाच्या पानात काय पडेल हे त्याच्या राज्याच्या तिजोरीवर अवलंबून. त्यानंतर तो निम्मानिम्मा झाला. इतर खर्चाचे केंद्र व राज्य यांतील प्रमाण २००९ मध्ये ९० व १० असे होते, ते २०१५ नंतर बहुतेक राज्यांसाठी ६० व ४० झाले. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना सवलत आहे. परंतु त्यांखेरीज गरीब राज्य आणि श्रीमंत राज्य यांच्याकडून सारखेच चाळीस मागितले जातात. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातील केंद्राचा आकडा २०१८ मध्ये साडेचार हजार रुपये झाला. त्यावर राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालतात. म्हणून एकच काम करणाऱ्या दोन सेविकांचे वेतन त्यांच्या राज्याची सीमा ठरविते.

कलकत्त्यात, म्हणजे २००१ पासूनच्या कोलकात्यात, या प्रश्नाचे आणखी एक रूप दिसते. एकेकाळी शहर पुढे आणि खेडे मागे होते. खेड्यात अंगणवाडीस ग्रामपंचायतीची जागा मिळू शकते, रोजगार हमीच्या कामातून इमारतही उभी राहू शकली. शहरातील वस्तीत जमीन नाही आणि घरभाडे परवडत नाही. पुष्कळ अंगणवाड्या पाड्यातील क्लबच्या खोलीत किंवा भाड्याच्या एका लहानशा जागेत भरतात. त्याच रस्त्यावर भरपूर फी घेणारी खाजगी शिशुशाळा असते. पश्चिम बंगालने २०१३ पासून प्राथमिक शाळांना पूर्वप्राथमिक वर्ग जोडला, ही स्तुत्य गोष्ट होय; पण तो पाच वर्षांच्या मुलांसाठी. तीन आणि चार वर्षांचे मूल अजून क्लबच्या खोलीतच आहे.

कोणी म्हणेल, गरीब देशाने सारे एकदम कसे करावे? जेथे जमेल तेथून आरंभ करावा, हेच शहाणपण. गोखल्यांचेही म्हणणे असेच होते आणि ते त्यांच्या काळी सरकारच्या दारात उभ्या असलेल्या एकाकी माणसाचे म्हणणे होते. पण जेथे जमेल तेथून केलेला आरंभ बहुधा तेथेच थांबतो, हे १८६३ च्या पट्टीपासून आजवरचा इतिहास सांगतो. बोर्डीस ताराबाईंपाशी साधनांची रेलचेल नव्हती. त्यांनी आरंभाची जागा मात्र बदलली, आणि जे सर्वांत दूर होते त्यांच्यापासून निघालेले काम अखेर साऱ्या देशास उपयोगी पडले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन वर्षांपासूनच्या मुलास शालेय रचनेत घेतले आणि २०३० पर्यंत सर्व बालकांना पूर्वशिक्षण पोहोचविण्याचे ठरविले आहे. सहाव्या वर्षाची रेघ धोरणात पुसली गेली; ती कायद्यात आणि अंदाजपत्रकात पुसली जावयाची आहे. त्यासाठी निदान एवढे व्हावे, की प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक तालुक्यात आणि शहराच्या प्रत्येक वॉर्डात सहा वर्षांखालील एका मुलामागे किती रुपये खर्च झाले, हे दरसाल छापले जावे; आणि जेथे तो आकडा सर्वांत लहान असेल, तेथे पुढच्या वर्षीचा पहिला रुपया जावा. फुल्यांनी पैसा कोठून येतो हे विचारले, गोखल्यांनी तो कोणी द्यावा हे विचारले, ताराबाईंनी तो कोठे न्यावा हे दाखविले. तिघांचे उत्तर एकत्र मांडणे हे काम आपल्या पिढीकडे राहिले आहे.