सह्याद्रीहून तरुण तारा

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. एयू मायक्रोस्कोपी हा तारा जेमतेम सव्वादोन कोटी वर्षांचा. म्हणजे रायगडाचा कातळ आधीचा आणि हा तारा नंतरचा! सूर्याची उमर ४६० कोटी वर्षे. त्याच्यापुढे हे तान्हे बाळच.

अंतर अवघे ३२ प्रकाशवर्षे, तरीही नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. सप्टेंबरच्या रात्री मकर राशीच्या दक्षिणेला, सूक्ष्मदर्शी या फिकट तारकासमूहात तो महाराष्ट्रातूनही दुर्बिणीत सापडतो. हा समूह फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला द लाकाय याने आखला. १७५१-५२मध्ये केप ऑफ गुड होपला राहून त्याने दक्षिणेचे आकाश मोजले आणि रिकाम्या जागांना घड्याळ, भट्टी, सूक्ष्मदर्शी अशी आपल्या काळातल्या उपकरणांची नावे दिली.

ताऱ्याचे वय ठरले ते त्याच्या गोतावळ्यावरून. बीटा पिक्टोरिस आणि आणखी काही तारे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चालले आहेत; १९९९मध्ये हा ताराही त्यांच्यातलाच असल्याचे लक्षात आले. एकत्र जन्मलेल्यांचे वयही एकच. मग बाकीच्या गोष्टींचाही उलगडा झाला. वस्तुमान सूर्याच्या निम्मे असूनही त्याची त्रिज्या सूर्याच्या पाऊणपट आहे, कारण त्याचे आकुंचन अजून संपलेले नाही. हा लाल बटुतारा सूर्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका प्रकाश देतो. सूर्याला स्वतःभोवती फिरायला साधारण २५ दिवस लागतात, याला पाचही लागत नाहीत. या वेगामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ, पृष्ठभाग डागाळलेला आणि ज्वालांचे उद्रेक वारंवार. जुलै १९९२मध्ये नुकत्याच अवकाशात गेलेल्या अतिनील वेधशाळेने असाच एक प्रचंड उद्रेक टिपला.

सर्वांत मोठा शोध २००४चा. अवरक्त उपग्रहाच्या जुन्या नोंदींवरून ताऱ्याभोवती धूळ असावी असा संशय होताच. पॉल कालास आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या मौना कीवरील २.२ मीटर दुर्बिणीत ताऱ्याचा झगझगाट झाकला आणि धुळीची चकती दिसली, कडेवरून पाहावी तशी सरळ रेषेत, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोनशे पटींपर्यंत पसरलेली. ग्रह घडवणारी सामग्री इतक्या जवळून पाहायला मिळणे हे भाग्यच. २०१५मध्ये कळले की या चकतीत लाटांसारखे पुंजके बाहेरच्या बाजूला सरकत आहेत, आणि त्यांपैकी काहींचा वेग ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून निसटण्याइतका आहे.

ग्रह मात्र २०२०पर्यंत हुलकावणी देत राहिला. डाग आणि उद्रेकांमुळे ताऱ्याचा प्रकाश सारखा कमी-जास्त होतो. त्यातून ग्रहाच्या अधिक्रमणाची, म्हणजे तो ताऱ्यासमोरून जाताना होणारी बारीकशी घट वेगळी काढणे अवघड. टेस आणि स्पिट्झर दुर्बिणींच्या निरीक्षणांतून ते साधले: नेपच्यूनएवढा ग्रह, वर्ष फक्त साडेआठ दिवसांचे. पुढच्याच वर्षी जवळपास १९ दिवसांत फेरी मारणारा दुसरा ग्रह जाहीर झाला. हबलने पहिल्या ग्रहाची दोन अधिक्रमणे पाहिली. एकात निसटणाऱ्या हायड्रोजनचा मागमूस नव्हता, तर सुमारे दीड वर्षानंतरच्या दुसऱ्यात तो वायू ग्रहाच्याही पुढे धावताना आढळला.