पडद्यावरील चित्र आणि वक्त्याचा शब्द



भाषणासोबत पडद्यावर चित्रें दाखविण्याची चाल आज शाळेपासून कचेरीपर्यंत सर्वत्र रूढ आहे. संगणकावर अशी चित्रमालिका रचून देणारा ‘पॉवरपॉइंट’ १९८७ सालीं बाजारांत आला. परंतु पुष्कळदां पडद्यावर बारीक अक्षरांचे परिच्छेद दाटलेले असतात, वक्ता तेच वाचून दाखवितो आणि मागल्या रांगेंतील माणसाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. वस्तुतः जमलेल्या लोकांस चित्रांतून गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे दोन दाखले पाहूं.

पहिला खुलताबाद तालुक्यांतील वेरूळचा. तेथील कैलास मंदिराचें श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारें इ. स. ७५६ ते ७७३) यास दिलें जातें. मंदिराच्या दक्षिणेकडील भिंतीवर रामायणांतील प्रसंग आडव्या पट्ट्यांत एकाखालीं एक कोरलेले आहेत. प्रसंग अनेक, आकृति लहान. म्हणून शिल्पकारानें पट्ट्यांची शिस्त राखली. सेतूसाठीं पाषाण वाहणारे वानर पाहतांच ओळखूं येतात.

त्याच बाजूस रावण कैलास हलवीत असल्याचें भव्य शिल्प आहे. येथें मात्र प्रसंग एकच. खालीं खोल पोकळींत अनेक हातांचा रावण. वर निश्चल शिव, त्यास बिलगलेली पार्वती आणि पळूं पाहणारी दासी. पोकळींतील काळोखामुळें रावणाची आकृति दुरूनही उठून दिसते. अनेक गोष्टींना क्रम हवा आणि एका मोठ्या गोष्टीला मोकळी जागा हवी, हें या दोन शिल्पांवरून कळतें.

दुसरा दाखला कल्याणचा. महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईस आलीं तीं त्यानंतर चार वर्षांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं. पटवर्धनांच्या खेळांत कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें प्रकाशाच्या योगें पडद्यावर मोठीं होत. तीं भराभर बदलून हालचालीचा भास उत्पन्न केला जाई. जोडीला निवेदन आणि संगीत असे. दाखविण्याचें काम चित्राचें, सांगण्याचें काम आवाजाचें, अशी ही वांटणी होती.

आजच्या वक्त्यानें हीच वांटणी सांभाळावी. एका चित्रांत एकच मुद्दा असावा. अक्षरें थोडीं, मोठीं आणि पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळ्या रंगाचीं असावीं. आंकड्यांचा तक्ता दाखवावयाचा असल्यास ज्या आंकड्यासाठीं तो आणला तोच ठळक करावा. ध्वनि अथवा चलच्चित्र अर्थांत भर घालीत असेल तरच घ्यावें. सभेपूर्वीं मागल्या रांगेंत बसून सर्व एकदां पाहून घ्यावें; कारण तेथें बसणारा श्रोताही पुढल्याइतकाच वेळ काढून आलेला असतो, आणि बहुधा तो तक्रार न करतां निघून जातो.