सोंग की कौशल्य? भूमिकाखेळांच्या नियमपद्धतींविषयी एक टिपण

फासे टाकून काल्पनिक पात्र वठविण्याच्या अद्भुतरम्य खेळांचा इतिहास मुरबाड तालुक्यातील टोकावड्यास बसून लिहू जाता प्रथम आठवतो तो ठाणे-पालघर भागातील बोहाडा. मुखवटा चढला की सोंग ठरले. संबळाच्या तालावर तो माणूस देव वा दैत्य म्हणूनच नाचणार. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची घडण याहून फार निराळी नाही. योद्धा, मांत्रिक की धर्मगुरू, हे खेळाडूने आरंभीच ठरवावयाचे. पुढील प्रगती त्याच चौकटीत.

१९७५ मध्ये केन सेंट आंद्रे यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये नियम सुटसुटीत केले व नानाविध फाशांऐवजी घरोघरी आढळणारा सहा बाजूंचा फासाच ठेवला. चौकट मात्र राहिली.

खरा पालट १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने घडविला. तेथे ही वर्गवारीच नाही. जे कौशल्य यशस्वीपणे वापरले, तेच वाढण्याची संधी मिळते. परंतु त्यासाठी शंभरापैकी पडणारे दान त्या कौशल्याच्या चालू टक्केवारीहून अधिक असावे लागते. साहजिकच नवशिक्या झपाट्याने शिकतो, जाणत्याची वाढ मंदावते. प्रस्तुत लेखकाची पसंती या पद्धतीस आहे. भाषा शिकणाऱ्यांचा अनुभव तरी असाच असतो. आता परिभाषेचा प्रश्न. ‘क्लास’ला ‘वर्ग’ म्हटले की शाळा डोळ्यांपुढे येते. त्यापेक्षा ‘सोंग’ योजावे. ‘रूनक्वेस्ट’मधील पात्रास मात्र तो शब्द लावता येणार नाही.