धुराड्यातली साक्ष

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटससारख्या थांब्यांवर ट्रकचा दोष एकेकाळी आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून ओळखला जाई. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ निकष देशभर लागू झाले (बीएस-५ ही पायरी आपण चक्क वगळली!) आणि ती विद्या अपुरी पडली.

आता धुरात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारले जाते, नायट्रोजन ऑक्साइड सेन्सर मोजतात. यात बिघाड झाला, की संगणक इंजिनाची ताकद घटवतो; भरलेला ट्रक घाटात रखडतो.

स्कॅनर म्हणतो, ‘सेन्सर सदोष’. इतिहासाचा विद्यार्थी याला साक्ष म्हणेल, निकाल नव्हे. दोष फ्यूज, अर्थिंग वा तारेतही असू शकतो. मग उलटतपासणी. सेन्सर आणि संगणक ज्या ‘कॅन’ वाहिनीवर बोलतात, ती बॉशने १९८६ साली जगापुढे आणली. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रोध असतात. म्हणून बॅटरी सोडवून मोजल्यास दोन तारांमध्ये सुमारे ६० ओम दिसावेत. १२० दिसले, तर एक रोध गळाला आहे किंवा मधे तार तुटली आहे.

कनेक्टरही उघडून पाहावा. पाझरलेल्या युरियाचे पांढरे स्फटिक तिथे तांबे खात बसलेले असतात, आणि शिक्षा मात्र महागड्या सेन्सरला होते.