कोंबडीचे काळीज

आम्हा कवींच्या लेखी काळीज म्हणजे माया, धीर, हुरहूर. चिकनच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे कलेजी, म्हणजेच यकृत. घरात कुणाला अशक्तपणा आला, की ती आवर्जून आणली जाते. आज या दुसऱ्या काळजाचा इतिहास सांगायचा आहे.

आमच्या काळेवाडीतून पवनेचा पूल ओलांडला आणि रेल्वे, महामार्ग मागे टाकला, की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. परिसरात त्याला नुसते 'एचए' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. परदेशातून येणारे पेनिसिलिन पिंपरीत बनू लागले. न्यूमोनियाने किंवा चिघळलेल्या जखमेने माणसे दगावत, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती!

याच सुमारास अमेरिकेत निराळेच घडत होते. लेडर्ली कंपनीतील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे संशोधक कोंबडीच्या पिलांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा त्यांनी पिलांना खाऊ घातला. पिले अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. १९५० मध्ये ही बातमी जगभर पसरली आणि आजारावरचे औषध निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात शिरले.

पक्ष्याच्या शरीरात त्याने काय होते? थोड्या मात्रेने आतड्याची भिंत पातळ होते, अन्न लवकर शोषले जाते, वजन वाढते. पण मात्रा चुकली, तर औषधच विष ठरते. जेंटामायसिन आणि सल्फा औषधे मूत्रपिंडाला इजा करतात. फ्युराझोलिडोनच्या अतिमात्रेने टर्कीच्या पिलांचे हृदय फुगून दुबळे होते. औषध पचवून बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडाचे. म्हणून औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस थांबूनच पक्षी विकायचा असतो. ते दिवस पाळले नाहीत, तर औषधाचा अंश आपल्या ताटात येतो. २०१४ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली परिसरातील ७० नमुने तपासले. त्यांतील ४० टक्के नमुन्यांत, मांस, यकृत किंवा मूत्रपिंडात, असे अंश सापडले.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तोकड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते निर्ढावतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. कोलिस्टिनचे उदाहरण घ्या. मूत्रपिंडाला घातक म्हणून माणसांसाठी ते जवळजवळ बाजूला पडले होते. इतर औषधे हरू लागली, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांचा शेवटचा आधार म्हणून ते परतले. आणि तेच कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते! भारत सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासूनच थांबवले होते.

राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय पुण्यातच. म्हणजे औषध आणि अंडे, दोन्हींचा इतिहास आपल्या अंगणातला. कुक्कुटपालनाने हजारो शेतकऱ्यांची चूल पेटवली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. आजारी पक्ष्याला औषध द्यावेच, पण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. स्वच्छ शेड, लसीकरण आणि पुरेशी जागा यांची उणीव औषधाच्या पुडीने भरून काढू नये. पेनिसिलिन पिंपरीत आले ते माणसे जगवण्यासाठी. त्याची धार बोथट झाली, तर उद्या तापाने फणफणलेल्या लेकराला आपण काय देणार?